कोडिंग जेमतेम येत असलं तरी

लातूरच्या एका मित्राने विचारलंय, "कोडिंग जेमतेम येतं, मग ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, मी काय करणार?" अहो, आधी मराठीच घ्या ना. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर चालतं, फायरफॉक्स ब्राउझरचं पोंटून या तशाच साइटवर. खातं उघडायचं, मराठी निवडायची, आपण सुचवलेलं भाषांतर टाकायचं.

बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, नोंदवणं हेही कामच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. नुसतं "चालत नाही राव" लिहून भागत नाही. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, कुठं क्लिक केल्यावर काय झालं, काय व्हायला हवं होतं, सगळं क्रमाने लिहा. तोच बग आधी कुणी नोंदवलाय का तेही शोधा. जोडाक्षरं तुटतात, पीडीएफमधून कॉपी केलं की काना-मात्रा उडतात. असले बग आपल्याशिवाय कोण पकडणार?

कोडच द्यायचा असेल तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांसाठीची सोपी कामं) हे लेबल बघा, प्रकल्पाची कॉन्ट्रिब्यूटिंग फाइल, म्हणजे योगदानाचे नियम, वाचा, एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीत, एकच बदल ठेवा. उत्तराला कधी कधी आठवडे लागतात. प्रकल्प सांभाळणारे बरेचसे फावल्या वेळातच हे करतात.

नांदेड-परभणीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनो, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तेच ते हजेरीचं सॉफ्टवेअर करण्यापेक्षा हे बरं. फक्त गाईडला आधी विचारून घ्या.