नुसतं ‘बालसहभाग’ पुरेल का?

प्रश्न : मुलांसाठीच्या वाचन-अ‍ॅपच्या डिझाइन संशोधनावर मराठीत लिहिते आहे. मुलांना त्यात सामील करून घेण्याला सरसकट ‘बालसहभाग’ म्हणावं का? टेस्टर, इन्फॉर्मंट, डिझाइन पार्टनर यांना काय म्हणता?

प्रतिसाद : शीर्षकात ‘बालसहभाग’ चालेल, मजकुरात मात्र त्यावर भागवू नका. मुलांसाठीच्या तंत्रज्ञानाच्या संशोधक अ‍ॅलिसन ड्रुइन यांनी २००२ मध्ये डिझाइनमधल्या मुलांच्या चार भूमिका मांडल्या : वापरकर्ता, चाचणी करणारा (टेस्टर), माहितगार (इन्फॉर्मंट) आणि डिझाइन-भागीदार (डिझाइन पार्टनर). तयार वस्तू वापरताना मुलाचं निरीक्षण केलं तरी ‘सहभाग’ आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत आराखडा केला तरी ‘सहभाग’, असं लिहिलं तर वाचकाला काहीच कळत नाही.

‘इन्फॉर्मंट’साठी ‘माहितीदाता’ नको. तो प्रश्नावली भरून देणारा वाटतो. स्केफ आणि रॉजर्स या संशोधकांनी १९९७ मध्ये मुलांना इन्फॉर्मंट मानायची कल्पना मांडली, तिचा गाभाच असा की काही गोष्टी मुलांना ठाऊक असतात आणि मोठ्यांना नसतात. ‘माहितगार’मध्ये तो मान आपसूक येतो.

प्रतिसाद : ‘टेस्टर’बद्दल एक सावधगिरी. ‘मुलांची चाचणी घेतली’ असं सर्रास लिहिलं जातं, म्हणजे परीक्षा मुलांचीच झाली! ‘मुलांकडून अ‍ॅप तपासून घेतलं’ असं लिहा. बटण सापडलं नाही तर दोष बटणाचा, हे वाक्यातूनच कळायला हवं.

प्रश्नकर्ती : हे फार उपयोगी आहे. पण ‘भागीदार’ला व्यापारी वास नाही का येत?

प्रतिसाद : येतो थोडा, तरी मी तोच ठेवेन. ‘सहकारी’, ‘सोबती’ गोड आहेत, पण निर्णयातला वाटा त्यांत दिसत नाही. ड्रुइन यांच्या डिझाइन-गटात मुलं आणि मोठी माणसं जमिनीवर बसत, एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत, बोलायला हात वर करायची गरज नसे. आवडलं, नावडलं आणि सुचलं ते चिकटचिठ्ठ्यांवर लिहीत, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. मग सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावून सारखे मुद्दे एकत्र आणत. तिथे मोठ्यांचा मुद्दा वजनदार ठरत नाही. ही भागीदारीच आहे.

प्रतिसाद : अजून एक जोडी वेगळी ठेवा : पालकांची ‘संमती’ आणि मुलाचा ‘होकार’. पालकांनी सही केली म्हणून मुलाचा होकार गृहीत धरू नये, आणि तो केव्हाही मागे घेता येतो. लहान मूल ‘मला थांबायचंय’ असं क्वचितच म्हणतं, ते खुर्चीत वळवळतं, दाराकडे बघतं. तोही नकार आहे.

तसंच ‘मुलांना अ‍ॅप आवडलं’ हे लिहिताना जपून. नाराज ते हसरा अशा पाच चेहऱ्यांच्या मोजपट्टीवर लहान मुलं बहुतेकदा सर्वांत हसरा चेहराच निवडतात. ‘पुन्हा करायला आवडेल?’ असं विचारून हो, कदाचित, नाही यांतलं एक निवडायला सांगितलं तर फरक दिसण्याची शक्यता जास्त. आणि मग अहवालातही ‘आवडलं’ऐवजी ‘पुन्हा करायची तयारी दाखवली’ एवढंच लिहावं.