आजीच्या लुगड्यांची गोधडी: मशिनवर नको

आजीची नऊवारी लुगडी कापून नातवंडांसाठी गोधड्या शिवा, मशिनवर झटपट होईल, असं कुणीतरी सुचवलंय. त्यातली गोधड्यांची कल्पना पटली. पण "मशिनवर झटपट होईल" हे नाही. वापरून विरलेल्या सुती कापडात मशिनच्या बारीक, दाट टाक्यांनी भोकांची रांग पडते आणि धुताना कापड नेमकं तिथेच फाटतं. हाताने धावदोरा घाला, टाका पाव इंचाचा, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा सुतीच हवा, पॉलिस्टरचा जुन्या कापडाला कापतो.

लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे एकावर एक ठेवले की एकेरी गोधडीचे चार थर होतात. आधी प्रत्येक लुगडं वेगळं धुवा, जुने लाल-हिरवे रंग अजूनही सुटतात. इरकली लुगड्याचा रेशमी पदर थरात घालू नका. तो सुताबरोबर आटत नाही, मग फुगे येतात. सगळे थर जमिनीवर ताणून वीतभर अंतराने कच्चे टाके घाला. ही पायरी टाळली की मध्यावर चुण्या हमखास, आणि त्या उसवल्याशिवाय जात नाहीत.

बसून-उठून विरलेला भाग आतल्या थरात जाऊ द्या. मात्र आजीने स्वतः केलेलं रफू किंवा पैसे बांधून चुरगळलेलं पदराचं टोक वरच्या बाजूलाच दिसू द्या, इस्त्री करून सपाट करू नका! कापडाची ओळख तीच असते. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते.