शब्दचर्चा : भ्रम, भास की चकवा?

प्रश्न : विमानसुरक्षेवरच्या एका पुस्तिकेचं मराठी करतो आहे. वैमानिकाला धावपट्टी आहे त्यापेक्षा जवळ, लांब किंवा खोल दिसते, त्या प्रकाराला मी सगळीकडे 'दृष्टिभ्रम' लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्यांनी एका ठिकाणी 'दृष्टिदोष' केलं, दुसऱ्या ठिकाणी 'भास'. नेमकं काय लिहावं? आणि माणूस व यंत्र यांचा मेळ अभ्यासणाऱ्या 'ह्यूमन फॅक्टर्स' या विषयासाठी 'मानवी चुका' चालेल का?

उत्तर : 'दृष्टिदोष' आधी काढून टाका. तो चष्म्याच्या नंबरचा शब्द आहे. इथे डोळे ठणठणीत असतात, आणि डोळे व मेंदू रोजच्या सवयीने चोख काम करतात म्हणूनच फसगत होते.

'भास'ही बसत नाही. कुणी हाक मारल्याचा भास होतो, म्हणजे हाक मारलेलीच नसते. धावपट्टी तर खरोखर समोर असते. 'भ्रम' जवळचा आहे, दोरीला साप समजण्याचा दाखला आपल्याकडे त्यासाठीच देतात. पण भ्रमिष्ट, भ्रमात असणे, भ्रमाचा भोपळा हे त्याचे सगेसोयरे पाहा. सगळे दोष टाकतात तो समजणाऱ्याच्या डोक्यावर. 'वैमानिकाला भ्रम झाला' असं वाक्य वाचलं की कारण सापडल्यासारखं वाटतं, आणि धावपट्टीकडे कुणी बघतच नाही.

मी 'चकवा' सुचवेन. रात्री रानातून जाणाऱ्याला चकवा लागतो तेव्हा माणूस शुद्धीवर असतो, पाय नीट चालत असतात, तरी तो फिरून त्याच झाडापाशी येतो. फसवणारी असते ती जागा. विमानात नेमकं हेच होतं. उतरताना डोळा उंची मोजत नाही, धावपट्टीचा आकार बघतो. साधारण 3 अंशांच्या उताराने येताना पट्टी जशी निमुळती दिसते, तो आकार शेकडो वेळा उतरून नजरेत मुरलेला असतो. एखाद्या दिवशी समोरची पट्टी नेहमीपेक्षा अरुंद असते. मग ती जास्त लांबट दिसते, आणि तसा लांबट आकार एरवी जास्त उंचीवरूनच दिसत असतो. वैमानिकाला वाटतं आपण फार वर आहोत. तो विमान खाली घेतो, जे मुळात बरोबर उंचीवर होतं. पट्टी पुढे चढत गेलेली असली तरी हाच प्रकार.

रात्री तर फारच. पट्टीच्या अलीकडे मिट्ट काळोख, पलीकडे शहराचे दिवे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस विमानं बनवणाऱ्या बोइंग कंपनीत संशोधक कॉनराड क्राफ्ट यांनी हा देखावा सिम्युलेटरमध्ये उभा केला आणि मुरलेल्या वैमानिकांना केवळ नजरेच्या भरवशावर उतरायला लावलं. चढावर वसलेल्या शहराकडे येताना तेही धोकादायक इतके खाली आले. इतक्या अनुभवी लोकांना एकाच ठिकाणी एकाच दिशेने भ्रम झाला म्हणणं मला पटत नाही. चकवा त्या काळोखात होता.

आक्षेप : चकवा म्हटलं की रानातलं भूत डोळ्यांपुढे येतं. शास्त्रीय पुस्तिकेत ते शोभेल का?

उत्तर : 'चेंडूने फलंदाजाला चकवलं' असं आपण रोज म्हणतो, तिथे भूत येत नाही. खेळाडू कच्चा होता असाही अर्थ निघत नाही, चेंडू तसा होता एवढंच कळतं. आम्हाला हवी असलेली छटा तीच. तुमचं एक म्हणणं मात्र रास्त आहे : पाठ्यपुस्तकांतून 'दृष्टिभ्रम' रूढ झालेला आहे आणि विद्यार्थी तोच शोधणार. म्हणून पहिल्यांदा 'नजरेचा चकवा, म्हणजे दृष्टिभ्रम' असं लिहून पुढे नुसतं 'चकवा' ठेवावं.

असाच फरक 'दिशाभ्रम' आणि 'दिशाभूल' यांच्यात आहे. ढगात शिरल्यावर विमान सरळ आहे की कललेलं ते कळेनासं होतं, त्याला 'दिशाभ्रम' चालतो. 'दिशाभूल' आता कुणीतरी मुद्दाम करतं, तेव्हा ती वापरू नका.

'मानवी चुका' मात्र अजिबात नको. हा विषयच त्या शब्दाविरुद्ध उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मिटायला जात आणि चाकं मिटली जात. कारण शोधायला बसलेल्या मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांना दिसलं की दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी आणि हाताला सारखेच लागतात. त्यांनी एकाच्या टोकाला छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ आजही चाकाच्या आकाराची असते, ती नियमानेच. पुढे 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी असे 460 प्रसंग तपासले, तेव्हा 'वैमानिकाची चूक' हे शब्द त्यांनी शीर्षकातच अवतरणचिन्हांत घातले. ती चिन्हं मला फार मोलाची वाटतात. मराठीत 'मानवी घटक' रूढ आहे. जरा कोरडा आहे, पण दोष देत नाही, म्हणून तोच ठेवा.

प्रश्न : पटलं. एकच उरलं, 'व्हाइटआउट', म्हणजे बर्फाळ प्रदेशात सगळं पांढरंच दिसून चढउतार न कळणं. मी 'हिमांधार' केलं आहे.

उत्तर : 'अंधार' काढाच, कारण प्रकाश भरपूर असतो. 28 नोव्हेंबर 1979 रोजी एअर न्यूझीलंडचं डीसी-10 हे प्रवासी विमान अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबसच्या उतारावर आदळलं, 257 जण गेले. प्रवाशांच्या कॅमेऱ्यांत सापडलेल्या फोटोंत ढगांखालची हवा स्वच्छ दिसते. वर पांढरे ढग, खाली पांढरा बर्फ, सावली कुठेच नाही, त्यामुळे समोर चढत गेलेला डोंगर सपाट बर्फासारखा दिसला. विमानाच्या संगणकातले मार्गाचे आकडे निघण्याआधी बदलले होते, ते वैमानिकांना सांगितलेलं नव्हतं. समोर सपाट गोठलेला समुद्रच असणार अशी त्यांची खात्री होती आणि डोळ्यांनी ती पक्की केली. 1980 च्या पहिल्या अहवालाने बोट कॅप्टनकडे दाखवलं, 1981 मध्ये न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या आयोगाने ते न कळवलेल्या बदलाकडे वळवलं. सरकारने कुटुंबीयांची माफी मागितली ती 2019 मध्ये.

हा प्रसंग तुमच्या पुस्तिकेत असेल, तर तिथे 'पांढरा चकवा' लिहा.