नातवंडांसाठी डिजिटल दप्तर ठेवायचे की पुसून टाकायचे?

गोदातीर :
“जाण्यापूर्वी आपला सगळा डिजिटल पसारा पुसून टाकावा, नातवंडांना एक छापील अल्बम पुरेसा आहे,” असे वैनगंगा यांनी काल येथे लिहिले आणि अनेकांनी त्याला दुजोरा दिला. मला ते मत मुळीच मान्य नाही. पुढच्यांना काय मोलाचे वाटेल, हे आज आपण कसे ठरवणार? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे मिळवीत, तेव्हा त्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, काय दडले आहे याची मालकांनाही पुष्कळदा कल्पना नसे. तरीही ती दप्तरे माळ्यावर पडून राहिली, म्हणूनच आपल्या हाती आली. डिजिटल ठेव्याला हे भाग्य नाही. ऑर्कुट हे समाजमाध्यम 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले, आणि गूगलने डिसेंबर 2023 पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटवण्याचे धोरण लागू केले. कागद दुर्लक्ष सोसतो, खाते सोसत नाही. तेव्हा पुसण्यासाठी वेगळा उपदेश करण्याची गरजच नाही. कष्ट पडतात ते टिकवण्याला.

वैनगंगा :
आपण दप्तरांविषयी लिहिलेत, मी माणसांविषयी लिहिले होते. माझे सासरे गेल्यावर घरच्यांनी फोटोंसाठी म्हणून त्यांचा फोन उघडला. त्यात माझ्या नणंदेने स्वतःच्या संसाराबद्दल वडिलांपाशी मोकळे केलेले मन होते. ते चौघांनी वाचले, चाळिसांपर्यंत पोहोचले, आणि ती आजही माहेरी येत नाही. पूर्वी नको असलेले पत्र चुलीत टाकता येत असे. फोनमध्ये मात्र आपल्याशी विश्वासाने बोललेला प्रत्येक जण साठलेला असतो, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते. अशा ठेव्याला वारसा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खिळेअक्षर :
आपण दोघेही ठेवावे की पुसावे यावरच वाद घालत आहात. माझ्या वडिलांच्या आठवणींची फाइल कोणीही पुसलेली नाही, ती माझ्याजवळ सुरक्षित आहे, आणि तरीही ती वाचता येत नाही. नव्वदीच्या दशकात एका डीटीपीवाल्याकडे (छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवणाऱ्याकडे) टाइप करून घेतलेला तो मजकूर आज उघडला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खच दिसतो. त्या काळचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवीत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतात, देवनागरी 1991 पासून आहे. तरीही आपले मुद्रक, प्रकाशक आणि कचेऱ्या त्यानंतर वर्षानुवर्षे जुन्याच फॉन्टना चिकटून राहिल्या. मराठीतल्या एका पिढीचे लेखन यामुळे मुके झाले आहे आणि त्याबद्दल कोणालाच खंत वाटत नाही, याचा मला संताप येतो.

कोकणकडा :
हे विषयांतर आहे. तो फॉन्ट संगणकावर बसवा, मजकूर दिसू लागेल. एवढ्यासाठी संपूर्ण पिढी मुकी झाल्याचे सांगणे अतिशयोक्त आहे.

खिळेअक्षर :
कोणता फॉन्ट, हे ठाऊक असेल तरच तो बसवता येईल ना? डीटीपीचे दुकान बंद झाले, टाइप करणारे गृहस्थ हयात नाहीत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक वापरले तर रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते. ज्याच्या घरात अशी फाइल नाही, त्याने अतिशयोक्तीचा शिक्का मारण्याआधी थोडा विचार करावा.

कोकणकडा :
शिक्का मारण्याचा हेतू नव्हता. फॉन्टचे नाव गेले असेल तर काम किचकट आहे, एवढे मान्य करतो. मात्र ते अशक्य नाही. एखादे छापील पान हाती असेल, तर चिन्हाशेजारी अक्षर लिहून कोष्टक तयार करता येते. मोडी शिकावी लागते, तसेच हे. यापुढे तरी मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा, सोबत पीडीएफ ठेवावी आणि एक प्रत कागदावर काढावी.

सातासमुद्रापार :
न्यू जर्सीत वाढलेली माझी मुले मराठी बोलतात, वाचत नाहीत. त्यामुळे फॉन्ट कोणताही असला तरी त्यांच्यासाठी सारखाच. त्यांना आजी उरली आहे ती आवाजात. पुरणाचे प्रमाण सांगताना मध्येच माहेरच्या आडाची गोष्ट सांगणारी आजी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका संभाषणात आहे, आणि फोन बदलताना बॅकअप घ्यायचा राहिला तर तीही जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत मूळ तारीख आणि ठिकाणाची नोंद राहत नाही, मग चेहऱ्यांची नावे कोण सांगणार? त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी वह्यांत येणाऱ्या घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्या नावे उतरवून ठेवली. आपण हजारो फोटो काढतो आणि एकाखालीही नाव लिहीत नाही.

गोदातीर :
फोटोंखाली नावे लिहिणे हे खरे काम आहे, आणि ते आपण असेपर्यंतच होऊ शकते. वैनगंगा यांच्या नणंदेवर जे ओढवले त्याचे समर्थन मी करणार नाही. इतरांनी आपल्याला विश्वासाने लिहिलेले मागे ठेवू नये, हे मला मान्य करावे लागते. मात्र त्यासाठी सर्वच पुसणे हा उपाय नव्हे. खाते ठरावीक काळ वापरात नसल्यास कोणाला काय मिळावे, हे गूगलमध्ये 2013 पासून नेमून ठेवता येते. फोटो द्यावेत आणि मेल देऊ नयेत, अशी निवडही करता येते. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी कोणाला तरी नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. बँकेत नामनिर्देशित व्यक्ती नोंदवतो, मग इथे का नोंदवू नये?

वैनगंगा :
नोंदवीन, पण फोटो आणि आवाज यांपुरतेच. संभाषणे मी पुसणारच, आणि ती कोणाची पुसली याची यादीही ठेवणार नाही. हजार वेळा इतिहासाची साक्ष काढलीत तरी माझे हे मत बदलणार नाही.

खिळेअक्षर :
ठीक आहे, संभाषणांचे तुमचे तुम्ही ठरवा. कोष्टकाची सूचना मी करून पाहतो; वडिलांनी मित्राला दिलेले एक छापील प्रकरण मिळण्यासारखे आहे. नव्वदीच्या दशकात डीटीपीचे काम केलेले कोणी येथे असतील आणि त्यांनी जुन्या फॉन्टची अक्षरमांडणी जपून ठेवली असेल, तर ती कृपया द्यावी. माझ्यासारखे आणखी बरेच जण असणार.