“तेव्हा कुठे होते समुपदेशक?” याला उत्तर

पाटीपेन्सिल:
निर्वासित मुलांच्या या धाग्यावर काल सडेतोड यांनी लिहिलं, “दुसऱ्या महायुद्धातली मुलं समुपदेशकाशिवाय सावरली. मनाचे आजार ही १९८०नंतरची फॅशन.” रात्रभर डोक्यातून जाईना. १९८०ला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मनाचा आजार) हे नाव आलं, एवढंच. काम किती आधीचं! ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी १९४१मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला युद्धकाळातली बालगृहं काढली. तिथल्या नोंदी सांगतात, की आईजवळ राहून बॉम्ब ऐकलेलं मूल बऱ्यापैकी तगायचं. जास्त कोलमडायचं ते आईपासून तुटलेलं. मग चार-पाच मुलांमागे एकच सांभाळणारी नेमली. आधी तिच्यावरून रडारड, मारामाऱ्या. नंतर खुंटलेलं बोलणं सुटलं.

ऑगस्ट १९४५मध्ये छळछावण्यांतून वाचलेली सुमारे ३०० मुलं इंग्लंडमध्ये विंडरमियरला आली. पाव दिसला की उचलून लपवायची. त्यांच्यासोबत ऑस्कर फ्रीडमान हे मनोविश्लेषक होते, मारी पानेथ त्यांच्याकडून चित्रं काढून घेत होत्या. ही फॅशन?

सडेतोड:
३०० मुलांचं कौतुक पुरे. किंडरट्रान्सपोर्टने, म्हणजे युद्धाआधी नाझींच्या तावडीतून मुलांना ब्रिटनला आणणाऱ्या मोहिमेने, सुमारे १०,००० आली, त्यांच्या मनाचं कुणी विचारलं? माझा राग नव्वदच्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धात जे झालं त्यावर आहे. घर जळालेलं, बाप बेपत्ता, आणि परदेशी माणूस प्रश्नावली घेऊन ट्रॉमा (मनावरचा आघात) शोधत दारात. डेरेक समरफील्ड यांनी १९९९मध्ये याच प्रकारावर टीका केली, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

दुपारची_चहा:
“आईपासून तुटलेलं मूल” वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१चा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिला तो बेघर मुलांवर, आणि तो फेकला गेला नोकरी करणाऱ्या बायकांच्या तोंडावर! लेक आठ महिन्यांची असताना मी कामावर रुजू झाले, तर घरातल्याच एकांनी सुनावलं, “मूल अनाथासारखं वाढेल.” ती आज तिशीची आहे, ठणठणीत.

पाटीपेन्सिल:
अहो, संध्याकाळी घरी येणारी आई आणि कधीच न येणारी आई यांत फरक नाही का?

दुपारची_चहा:
मला कळतो. ऐकवणाऱ्यांना कळत नव्हता.

निवांत:
आणि बाप? तो बेपत्ता झाला की मूल मोडत नाही? सगळे आईवरच घसरताय.

पाटीपेन्सिल:
मग इंग्लंडमधल्या बुलडॉग्ज बँक या बालगृहाचं ऐका. तेरेझिनच्या नाझी छावणीतून आलेली सहा मुलं, तीन-चार वर्षांची. आई नाही, बाप नाही. आल्या आल्या खेळणी मोडली, मोठ्यांना चावली. पण जेवताना स्वतः खाण्याआधी शेजारच्याला द्यायची. कुणाला एकट्याला बाजूला नेलं की बाकीची कासावीस. तीच एकमेकांची माणसं होती.

सडेतोड:
धागा निर्वासित मुलांचा आहे की पाळणाघरांचा? मूळ मुद्द्याला बगल देताय.

खडूफळा:
बगल नाही. मी तीन वर्षं निर्वासित मुलांना शिकवलं. एक मुलगा अंगातला कोट काढायचाच नाही, दप्तर कायम मांडीवर, जागा दाराशेजारची. वरून प्रश्नावली आली, “वाईट स्वप्नं पडतात का?” याला त्याने “नाही” लिहिलं. पाचव्या महिन्यात त्याने कोट खुंटीला अडकवला. मधल्या काळात मी फक्त जागा तीच ठेवली आणि रोज त्याच वेळी आले. प्रश्नावलीबद्दल सडेतोड बरोबर आहेत. आपोआप सावरतात याबद्दल साफ चूक.

सडेतोड:
ठीक. “फॅशन” शब्द मागे घेतो. पण तुमच्या त्या पाच महिन्यांचे पैसे कुणी देत नाही, प्रश्नावलीचे देतात. त्यावर बोला.

खडूफळा:
माझी नेमणूक दर तीन महिन्यांनी नव्याने व्हायची. चौथ्या वर्षी झाली नाही. तो तेव्हा सातवीत होता.