टँकर, बोअर आणि पाटकरी

(सोसायटीचा ग्रुप. मे महिन्यातला शनिवार.)

सेक्रेटरी, ए-१०२ (सकाळी ७.१०): सर्व सभासदांना नमस्कार. एप्रिलमध्ये एकूण ६० टँकर आले. एक टँकर १०,००० लिटरचा, १,३०० रुपयांना. एकूण ७८,००० रुपये. ६४ फ्लॅटमध्ये समान वाटणी केली तर प्रत्येकी साधारण १,२२० रुपये. मेंटेनन्सच्या बिलात वेगळी ओळ दिसेल.

ए-२०४ (७.२२): साहेब, आम्ही दोघंच राहतो. मीही १,२२० आणि ज्यांच्याकडे सहा माणसं तेही १,२२०? माणशी आकारणी करा.

बी-१०१ (७.२५): आमच्याकडे सहा माणसं आहेत काका. त्यात दोन म्हातारी आणि एक सहा महिन्यांचं बाळ. माणशी केलं तर आम्हाला दोन हजारांच्या वर जाईल. आम्ही भाडेकरू, सभेला बसता येत नाही, म्हणून इथेच सांगते.

सी-५०३ (७.३१): माझा फ्लॅट आठ महिने बंद आहे. मी टँकरचे पैसे का द्यायचे?

सेक्रेटरी, ए-१०२ (७.४०): सोसायटीच्या उपविधीत (नियमावलीत) पाण्याची आकारणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर लिहिली आहे. फ्लॅटमागे सारखी वाटणी आपण सोयीसाठी करत आलो. बदलायचं असेल तर विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल. नोटीस पाच दिवसांची.

सी-३०१ (७.४४): सभा घ्या, पण मुद्दा वाटणीचा नाहीच. बोअर आटलंय. शेजारच्या सोसायटीने फेब्रुवारीत ५०० फुटांचं बोअर मारलं, तेव्हापासून आपलं पाणी गेलं. आपण ७०० फूट मारू. एकदाच खर्च, टँकरची कटकट संपली.

ए-६०१ (७.५८): सी-३०१, तुमची तळमळ कळते, पण एक सांगतो. मी भूजलाच्या कामात २८ वर्षं काढली. आपल्याखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये. खाली तळं वगैरे नसतं. खोल गेलं की पाणी वाढतंच असं नाही, बऱ्याचदा कोरडा दगड लागतो. आणि लागलंच, तर ती भेग त्यांच्या बोअरपर्यंत गेलेली असू शकते. मग ते ९०० फूट मारतील. तळेगावपासून बारामतीपर्यंत ही शर्यत मी पाहिली आहे. तिच्यात जिंकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

सी-३०१ (८.०२): मग हातावर हात ठेवून बसायचं का सर?

बी-४०३ (८.३५): थोडं लांब लिहिते, सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

माझं माहेर पुरंदरचं, नायगावच्या बाजूचं. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे विलासराव साळुंखे तिकडे आले. स्वतः इंजिनिअर, कारखानदार. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं पाहून ते हलले आणि नायगावला देवस्थानची साधारण चाळीस एकर माळरान जमीन कसायला घेतली. बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर काढली. त्या माळावर पीक उभं राहिलं तेव्हा आसपासच्या गावांचा विश्वास बसला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम मला लहानपणापासून पाठ आहेत, कारण आमच्या घरात त्यांवरून भांडणं झाली. पाणी जमिनीवर मिळत नसे, माणसावर मिळे. माणशी अर्धा एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. आमची नऊ एकर होती. घरात पाच माणसं, म्हणून अडीच एकराचंच पाणी. आजोबा महिनाभर धुसफुसत होते. ऊस, केळी, हळद लावायची नाही, कारण बारमाही पिकं सगळ्यांचं पाणी पिऊन टाकतात. योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा गटाने स्वतः उभा करायचा. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही.

आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा हक्क. आमच्या आळीतल्या एका विधवा मावशींना जमिनीचा तुकडा नव्हता. त्यांनी स्वतःच्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याची जमीन वाट्याने केली. गावात पहिल्यांदा जमीनवाला त्यांच्या दारात आला, कारण पाणी त्यांच्याकडे होतं. मला हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आपलं इथे काय चाललंय बघा. कोणी फ्लॅटवर हक्क सांगतंय, कोणी कुलपावर, कोणी बोअरच्या खोलीवर. एका माणसाला दिवसाला किती पाणी लागतं, हे मात्र कोणीच विचारलेलं नाही.

ए-३०३, काकू (८.४१): वाचलं. डोळ्यांत पाणी आलं ग.

ए-२०४ (८.४६): ताई, छान लिहिलंत. पण त्या योजना आज चालू आहेत का? भावनेच्या भरात निर्णय नको.

बी-४०३ (८.५२): काका, रास्त प्रश्न. सगळ्या टिकल्या नाहीत, काही बंद पडल्या. जिथे गट बसून बोलत राहिला तिथे चाललं, जिथे बोलणं थांबलं तिथे पाणी पुन्हा पैशाकडे गेलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. हिवरे बाजारचं उदाहरण घ्या. तिथले सरपंच राहिलेले पोपटराव पवार आणि गाव मिळून दरवर्षी पाऊस मोजतात आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, मग उरेल तसं पीक. शेतीसाठी बोअर नाही. पाऊस तिथे जेमतेम चारशे मिलिमीटर. आपल्याकडे त्याच्या दीडपटीहून जास्त पडतो आणि टँकर आपल्याकडे येतात.

सी-४०२ (९.१५): मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, म्हणून एक भर घालते. एलिनॉर ऑस्ट्रॉम, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या महिला, २००९. त्यांचा पीएचडीचा विषयच भूजल होता. लॉस एंजेलिसजवळच्या किनाऱ्यालगत सगळ्यांनी इतका उपसा केला की समुद्राचं खारं पाणी आत शिरायला लागलं. प्रत्येकाला वाटे, मी थांबलो तर माझ्या वाटचं शेजारी उपसणार. ए-६०१ सरांनी सांगितलेली तीच शर्यत. तिथले लोक कोर्टात गेले, भांडले, पण त्याच वेळी एकत्र बसले आणि कोण किती उपसतो याचे आकडे एकमेकांसमोर ठेवले. मग उपसा कमी करायचं मान्य केलं.

त्या काळी अर्थशास्त्रात बहुतेकांचं मत होतं की सामायिक गोष्ट लोक ओरबाडूनच संपवतात, तेव्हा ती सरकारने ताब्यात घ्यावी नाहीतर खासगी करावी. ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरची कुरणं, जंगलं, पाटपाणी अभ्यासून दाखवलं की तिसरी वाटही आहे. लोक स्वतः नियम करतात आणि पाळतात. अटी मात्र आहेत: वापर मोजला पाहिजे, नियम करताना वापरणारे सगळे हजर पाहिजेत, आणि चुकणाऱ्याला पहिल्यांदा सौम्य दंड, मग कडक.

बी-१०१ (९.२०): सगळे हजर म्हणजे भाडेकरूसुद्धा ना ताई?

सी-४०२ (९.२१): सुद्धा काय, आधी.

ए-६०१ (१०.०५): मग मोजू या. आपण किती माणसं आहोत?

सेक्रेटरी, ए-१०२ (१०.३०): रजिस्टरप्रमाणे २२६. बंद फ्लॅट सोडून.

बी-४०३ (१०.३२): वॉचमनदादांच्या घरची चार? ते खालच्या खोलीत राहतात, पाणी आपलंच वापरतात.

सेक्रेटरी, ए-१०२ (१०.३३): बरोबर, राहिलंच. २३०.

ए-६०१ (१०.५०): शहरी घरासाठी मानक धरतात माणशी रोज १३५ लिटर. २३० गुणिले १३५ म्हणजे ३१,०५० लिटर. आता येणारं पाणी: महापालिकेचं साधारण २०,०००, बोअरचं ३,०००, दोन टँकरचे २०,०००. एकूण ४३,०००. म्हणजे आपण माणशी १८७ लिटर वापरतोय. १३५ वर आलो तर रोज एकच टँकर पुरेल, तोही पूर्ण लागणार नाही.

सी-३०१ (१०.५५): म्हणजे दुसरा टँकर आपण नुसता सांडतोय?

ए-६०१ (१०.५७): सांडतोय, गळतोय, गाड्यांवर ओततोय. नेमकं कुठे ते माहीत नाही, कारण मीटर नाही.

ए-५०२ (११.१०): फ्लॅटवार मीटर बसवायला मी गेल्या वर्षी प्लंबरला विचारलं होतं. प्रत्येक फ्लॅटला तीन-चार ठिकाणी पाणी उतरतं, बाथरूमचं वेगळं, किचनचं वेगळं. एका घराला चार मीटर लागतील. परवडणार नाही. पण तीन विंग, तीन टाक्या. टाकीच्या उताराला एकेक मीटर लगेच बसेल.

बी-४०३ (११.२४): हे उत्तम! विंगमध्ये जितकी माणसं, गुणिले १३५, एवढा त्या विंगचा हक्क. हक्काच्या आतल्या पाण्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा, त्यात म्हातारी आणि बाळं असलेल्या घराला शिक्षा नको. विंगने हक्कापेक्षा जास्त वापरलं तर वरचा टँकर त्या विंगचा. बंद फ्लॅटवाल्यांना माणशी मोजणीत शून्य धरावं, पण त्यांनी पाइप आणि मीटरचा खर्च द्यावा, घर त्यांचंही आहे.

सी-५०३ (११.३०): एवढं असेल तर माझी हरकत नाही.

ए-२०४ (११.४०): आमच्या विंगला एकाने गाडी पाइपने धुतली तर मी का भरू?

सी-४०२ (११.४४): काका, म्हणूनच तुम्ही त्याला बादली घ्यायला सांगाल. आज तुम्ही सांगत नाही, कारण त्याच्या पाण्याचं तुम्हाला काही लागत नाही.

ए-२०४ (११.५२): हं. पटलं. सभेत अनुमोदन देईन.

सी-३०१ (दुपारी १२.१५): पाऊस जिरवायचं काय? जूनला तीन आठवडे राहिले.

ए-६०१ (१२.४०): तिन्ही गच्च्या मिळून साधारण १,२०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर. वर्षाला ७०० मिलिमीटर धरा, आठ लाख चाळीस हजार लिटर. वीस टक्के वाया गेलं समजा, तरी पावणेसात लाखांच्या आसपास. टँकरच्या भाषेत ६७ टँकर, आपला सगळा एप्रिल. पाणी गाळून बोअरजवळ जिरवता येईल.

ए-५०२ (१२.४४): पण सर, जिरवलेलं शेजारीही जाणार. खर्च आपला, पाणी त्यांचं?

ए-६०१ (१२.५०): काही जाईल. खडकाला कंपाउंड वॉल नसते. म्हणूनच त्यांनाही जिरवायला सांगू. त्यांच्या सहा विंग आहेत, गच्ची आपल्या दुप्पट. त्यांचं पाणीही इकडे येईल.

सी-३०१ (१.०५): त्यांच्या चेअरमनशी माझं पार्किंगवरून वाजलंय.

ए-३०३, काकू (१.१०): त्यांच्या बायको माझ्या भजनी मंडळात आहेत. मी आज संध्याकाळीच बोलते. दोन्ही सोसायट्यांनी बोअरचे तास ठरवून घेतले तर? एक दिवस ते, एक दिवस आपण.

ए-६०१ (१.१४): काकू, अगदी हेच. आणि दोघांनी पाण्याची पातळी दर पंधरवड्याला मोजून एकमेकांना कळवायची.

बी-४०३ (२.३०): एक राहिलं. पाणी पंचायतीत प्रत्येक योजनेला पाटकरी असायचा. गटाने नेमलेला, सगळ्यांनी मिळून पगार दिलेला. कोणाचं दार कधी उघडायचं, कधी बंद करायचं, हे त्याच्या हातात. तो चुकला तर गट त्याला विचारायचा, आणि कोणी दादागिरी केली तर गट त्याच्या पाठीशी उभा राहायचा. आपल्याकडे ते काम रोज कोण करतं? पंप कधी चालू करायचा, टँकर कुठल्या टाकीत ओतायचा, कुठला व्हॉल्व्ह पिळायचा? वॉचमनदादा. पाण्याची त्यांच्याइतकी माहिती आपल्यापैकी एकालाही नाही आणि सभेत आपण त्यांना चहा आणायला पाठवतो.

सेक्रेटरी, ए-१०२ (२.४१): ताई, बरोबर बोललात. पाण्याच्या मुद्द्याला त्यांना सभेत बसवू. नोटिशीत तसं लिहितो. भाडेकरूंनाही चर्चेला बोलावतो, मतदान नियमाप्रमाणे सभासदांचं.

बी-१०१ (२.४५): खूप आभार साहेब. सगळ्या विंगच्या माणसांची यादी मी करून देते, घरोघर जाऊन.

ए-३०३, काकू (रात्री ८.५०): बोलले. शेजारचे मंगळवारी सात वाजता आपल्या क्लब हाऊसमध्ये येतायत. त्यांचंही बोअर पंधरा दिवसांपासून मध्येच हवा मारतंय.

सी-३०१ (८.५५): मीही येतो. पार्किंगचं काढणार नाही.

(रविवार)

बी-४०३ (पहाटे ५.३८): सी विंगची टाकी वाहतेय! गच्चीवरून आवाज येतोय. कोणी जागं आहे का?

सी-३०१ (५.४१): वर आलोय. बॉलकॉक अडकलाय, पाणी थेट गटारात. खाली फोन केला, वॉचमनदादांनी पंप बंद केला.

सी-३०१ (५.५६): दादा म्हणतात हे महिनाभर होतंय. त्यांनी गेटवरच्या वहीत दोनदा लिहून ठेवलं होतं. वही कोणी वाचली नाही.

ए-६०१ (६.०२): किती वेळ वाहतं रोज?

सी-३०१ (६.०५): ते म्हणतात, पहाटेचा पंप सुरू केल्यापासून अर्धा-पाऊण तास. दुसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह पिळायला ते पलीकडे जातात तेव्हा.

सेक्रेटरी, ए-१०२ (६.२०): प्लंबरला नऊ वाजता बोलावलंय. वही मी आत्ता खाली जाऊन घेतो.

(सेक्रेटरी यांनी वॉचमनदादांना ग्रुपमध्ये जोडले.)

वॉचमनदादा (६.४४): नमस्कार सगळ्यांना. बी विंगचा पण व्हॉल्व्ह गळतोय, जिन्याखालचा. प्लंबर आला की तो पण दाखवतो.