पणजोबांचा भाऊ 'बसऱ्याक गेलो तो इलोच नाय'. ऑनलाइन कुठे शोधू?

मालवणची_लेक

नमस्कार मंडळी, वंशावळ करायला घेतलीय, लॉकडाऊनमध्ये ग्रॅम्प्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं त्यात भरत भरत पणजोबांपर्यंत आले आणि तिथे गाडी अडकली. पणजोबांना एक धाकटा भाऊ होता. आजी (वय ८८) सांगते की तिच्या सासूबाई म्हणायच्या, "बसऱ्याक गेलो तो परत इलोच नाय". पण काकांचं म्हणणं वेगळंच, ते म्हणतात मुंबईला पळून गेला आणि तिथे दुसरा संसार थाटला, लाजेनं घरात कोणी बोलत नाही. जमिनीच्या जुन्या फेरफाराची नक्कल काढली तर त्यात पण त्याच्या नावापुढे चक्क 'परागंदा' लिहिलंय, त्यामुळे काकांची बाजू भारी झालीय. बसरा म्हणजे इराकच ना? लग्न झालेलं नव्हतं, फोटो नाही, पलटण माहीत नाही. गाव मालवण तालुक्यात. गूगल करून थकले, कुठून सुरुवात करू?

जुनीपलटण

ताई, बसरा म्हणजे इराकच, तेव्हाचं मेसोपोटेमिया. १९१४ ते १८ च्या लढाईत आपल्याकडचे मराठे, महार, आणखी कितीतरी लोक तिकडे गेले. पहिलं काम, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइट उघडा, फुकट आहे. पंजाबी शिपायांची मोठी रजिस्टरं हल्ली ऑनलाइन आलीत त्याच्या बातम्या दिसतील, त्यात वेळ घालवू नका, ती फक्त पंजाबची.

आता खरी गोम. तिथे आडनाव टाकून शोधलंत तर काही मिळणार नाही, कारण साहेबानं ऐकलं तसं नाव लिहिलंय, कधी आडनाव आहे कधी नाही, कधी सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलंय. त्यामुळे नावाचा रकाना सरळ कोरा सोडा. पहिलं महायुद्ध निवडा, सैन्य म्हणून इंडियन आर्मी निवडा आणि जादा माहितीचा जो रकाना आहे त्यात गाव किंवा तालुका टाका. हिंदी शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक जिल्हा' असं असतं, आपलं सोनं तिथेच आहे. आणि जिल्हा सिंधुदुर्ग टाकू नका!! तो १९८१ ला झाला, तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. (कुडाळ असतं तर सावंतवाडी संस्थान, ते अजून वेगळं.) मालवणचं स्पेलिंग व्ही ऐवजी डब्ल्यूनं पण करून बघा. निकाल एक्सेलसारख्या फाइलमध्ये उतरवून घेता येतात, मग घरी बसून चाळा, मी तसंच करतो, साइटवर पान पान उलटत बसलं की डोळे जातात.

पलटणी बघताना १०३, ११० आणि ११७ मराठा लक्षात ठेवा, या तिन्ही पूना डिव्हिजनमधून गेल्या आणि मेसोपोटेमियातल्याच कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा, मग शरणागती आणि कैद, त्यात उपासमारीनं, आजारानं खूप गेले. म्हणून मृत्यूची तारीख लढाईनंतरची असली तरी ती नोंद सोडून देऊ नका.

चावडीवरचा_दगड

गावात कोणालातरी चावडी, जुनी शाळा, देवळाच्या आसपास बघायला सांगा. कोकणात, साताऱ्याकडे बऱ्याच गावांत दगडी पाटी असते, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, १९१४ ते १९१९, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात, नुसते आकडे. पण आकडा दिसला तरी काकांचं तोंड निम्मं बंद होईल. आमच्याकडे त्या दगडावर लोक बरीच वर्षं सायकली टेकवत होते, वाचला कोणीच नव्हता.

मोडीवाला_नाना

'परागंदा' वर जाऊ नका. तलाठ्याला काय माहीत माणूस कुठे मेला, माणूस नाही, बायकापोरं नाहीत, मग परागंदा, आणि हिस्सा भावाच्या नावे. मी शेकड्यांनी फेरफार वाचलेत. त्याच नकलेवर बापाचं नाव मात्र असणार, ते नीट उतरवून ठेवा, जुळवायला तेच लागेल. कोतवाल बुक (गाव नमुना १४) मध्ये शोधायचं मनात आलं असेल तर त्यात गावात झालेले जन्ममृत्यू असतात, बसऱ्यात मेलेला सापडणार नाही, जन्म मात्र मिळू शकतो. बहुतेक मोडीत असेल, फोटो टाका, वाचून देतो.

आणि एक, नुसतं नाव जुळलं म्हणून झाडात चिकटवू नका. एकाच गावात त्या नावाचे चारचार जण असायचे. ऑनलाइन वंशवृक्षांत हाच घोळ आहे, एकानं चुकीचं टाकलं की दहा जण डोळे मिटून कॉपी करतात.

मालवणची_लेक

मंडळी!!! सापडला बहुतेक. आडनाव नव्हतंच, आणि नावात एक 'एच' जास्तीचा घुसवलाय, म्हणून मला महिनाभर दिसत नव्हता. गाव बरोबर, बापाचं नाव फेरफारातलंच. शिपाई, ११० मराठा, ऑगस्ट १९१६. म्हणजे कैदेतच गेला असणार का?

जुनीपलटण

११० आणि ऑगस्ट १९१६ म्हणजे शक्यता तीच जास्त, पण त्या पलटणीचे सगळेच कुतमध्ये नव्हते, तेव्हा घरात छातीठोक सांगू नका. स्मारक कुठलं लिहिलंय? बसरा मेमोरियल असेल तर तिथे भिंतीवर नाव शोधायला जाऊ नका, हिंदी साध्या शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, वहीत आहेत. ते स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून बत्तीसेक किलोमीटर लांब नेलंय.

मालवणची_लेक

हो, बसरा मेमोरियलच लिहिलंय. आजीला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, पदरानं चष्मा पुसत बसली, मग विचारते, तारीख लिहिलीय का नीट? तिथी माहीत नाही म्हणून आमच्याकडे त्याचं पान सर्वपित्रीलाच वाढायचे म्हणे, परागंदा परागंदा म्हणणाऱ्यांच्याच घरात, आणि हे मला आज कळतंय. काकांनी स्वतःच भटजींना फोन लावलाय, तारखेवरून तिथी काढून द्या म्हणून. नाना, कोतवाल बुकाचे फोटो रविवारी टाकते.